तेरा सामने, तेरा विजय, तरीही पाचवा क्रमांक

अमेरिकेतील विद्यापीठ फुटबॉलचा २००६ चा मोसम संपला, तेव्हा सर्वोच्च श्रेणीतील ११९ संघांपैकी एकच संघ अपराजित राहिला होता. आयडाहो राज्यातील बॉयसी स्टेट विद्यापीठाच्या या संघाने १३ सामने खेळले आणि तेराही जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद मात्र एक सामना गमावलेल्या फ्लोरिडा विद्यापीठाकडे गेले. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत बॉयसी स्टेटला पाचवे स्थान मिळाले. त्याच्या वरच्या चार संघांपैकी दोघांनी प्रत्येकी एक, तर दोघांनी प्रत्येकी दोन सामने गमावले होते. पराभव न होताही एखादा संघ पाचवा कसा ठरतो, हा प्रश्न कोणत्याही खेळाच्या चाहत्याला पडावा असाच आहे. त्याचे उत्तर मैदानावर सापडत नाही. ते शोधण्यासाठी अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडाव्यवस्थेत डोकवावे लागते.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे, हे प्रथम सांगायला हवे. शिरस्त्राणे घातलेल्या अकरा-अकरा खेळाडूंचा हा अमेरिकी फुटबॉल मुख्यत्वे हातांनी खेळला जातो. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढी मजल मारली की पुन्हा चार प्रयत्न. न मारल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर एक पर्याय असतो. चेंडू लाथेने खांबांमधून पलीकडे धाडून जवळजवळ खात्रीचा एक गुण घ्यायचा, किंवा अगदी जवळून आणखी एक चाल रचून दोन गुणांचा जुगार खेळायचा. हा शेवटचा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. या हकिकतीत तो पुढे निर्णायक ठरणार आहे.

विद्यापीठाचा संघ म्हटल्यावर रिकाम्या मैदानावरील आंतरमहाविद्यालयीन सामना डोळ्यांसमोर येत असेल, तर ते चित्रही पुसून टाकायला हवे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि सामन्यांच्या दिवशी ते भरते. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अफाट पैसा येतो. खेळाडू मात्र विद्यार्थी असल्याने त्यांना त्या काळी शिष्यवृत्तीपलीकडे काही घेता येत नसे.

इतका पैसा आणि इतकी लोकप्रियता असलेल्या या खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत विजेता ठरवण्यासाठी बाद फेरीच नव्हती, ही खरी गंमत. खालच्या श्रेणीत ती होती. बॉयसी स्टेटने १९८० मध्ये त्याच मार्गाने खालच्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले होते. वरच्या श्रेणीतले संघ मात्र ‘कॉन्फरन्स’ नावाच्या प्रादेशिक गटांत विभागलेले होते. नियमित मोसमात जेमतेम बारा सामने, त्यातले बहुतेक स्वतःच्या गटातच. मोसम संपल्यावर उत्तम संघांना ‘बोल’ सामन्यांची निमंत्रणे जात. १९०२ मध्ये पॅसाडिना येथे पहिला रोझ बोल झाला, तो नववर्षाच्या उत्सवाचा भाग म्हणून. पुढे ऊबदार हवेच्या अनेक शहरांनी हिवाळ्यात पाहुणे यावेत म्हणून असे सामने सुरू केले. त्यातून देशाचा विजेता ठरावा, असा हेतू कधीच नव्हता. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी जाहीर करू लागली. पहिल्या क्रमांकाचा संघ तोच विजेता, असा प्रघात पडला. थोडक्यात, विजेता खेळून नव्हे तर मतदानाने ठरत असे.

या पद्धतीत सुधारणा म्हणून १९९८ मध्ये ‘बोल चॅम्पियनशिप सिरीज’ ऊर्फ बीसीएस आली. पहिल्या दोन क्रमांकांचे संघ तरी एकमेकांशी खेळावेत, हा तिचा उद्देश. ते दोन कोण, हे ठरवण्याचे गणित २००६ मध्ये असे होते: एक तृतीयांश वजन प्रशिक्षकांच्या मतदानाला, एक तृतीयांश माजी खेळाडू, प्रशासक व पत्रकारांच्या मतदानाला आणि उरलेले सहा संगणकीय क्रमवारींच्या सरासरीला. प्रशिक्षक स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या संघांना क्रमांक देतात, यात काही वावगे आहे असे त्या वेळी फारसे कोणाला वाटत नव्हते!

खरी विषमता याहून खोल होती. सहा बड्या गटांच्या विजेत्यांना बीसीएसच्या मोठ्या सामन्यांत हक्काची जागा होती आणि उत्पन्नाचा सिंहाचा वाटाही त्यांचाच. उरलेल्या पाच लहान गटांतील संघांना तिथे पोहोचण्यासाठी आधी क्रमवारीत फार वर चढावे लागे. २००४ मध्ये युटा विद्यापीठाने अपराजित राहून हे प्रथमच साधले. लहान गटांच्या दबावानंतर २००६ च्या मोसमापासून नियम थोडा सैल झाला. लहान गटाचा विजेता पहिल्या बारांत असल्यास त्याला एका मोठ्या सामन्यात जागा देण्याचे ठरले. याच फटीतून बॉयसी स्टेट आत शिरले.

ही संस्था १९३२ मध्ये दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय म्हणून सुरू झाली. विद्यापीठाचा दर्जा १९७४ मध्ये मिळाला आणि फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत ती १९९६ मध्ये आली. तोपर्यंत देशाला तिची ओळख होती ती निळ्या मैदानामुळे. १९८६ मध्ये तेथे हिरव्याऐवजी गडद निळे कृत्रिम गवत अंथरण्यात आले. काहींनी त्याची थट्टा केली, पण दूरचित्रवाणीवर क्षणभर दिसले तरी ते मैदान कोणाचे हे लोक ओळखू लागले. स्टेडियमची क्षमता सुमारे ३० हजार. देशातले नावाजलेले शालेय खेळाडू या संघाकडे वळत नसत. मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेल्या, उंचीने किंवा वजनाने कमी पडलेल्या मुलांना हेरून, घडवून उभा केलेला हा संघ होता.

२००६ च्या मोसमाची सुरुवात अनिश्चिततेत झाली. प्रशिक्षक डॅन हॉकिन्स कोलोरॅडो विद्यापीठात गेले आणि आक्रमणाची बाजू सांभाळणारे त्यांचे सहायक ख्रिस पीटरसन मुख्य प्रशिक्षक झाले. यापूर्वी त्यांनी ही जबाबदारी कधी सांभाळली नव्हती. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीचा सूत्रधार, जॅरेड झॅब्रान्स्की याच्यावर आदल्या वर्षीचा डाग होता. २००५ च्या पहिल्याच सामन्यात जॉर्जियाकडून संघाचा १३-४८ असा धुव्वा उडाला होता आणि झॅब्रान्स्कीने पूर्वार्धातच चेंडू वारंवार प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला होता. लहान गटांतले संघ बड्यांपुढे टिकत नाहीत, या मताला त्या सामन्याने खतपाणी घातले होते.

पहिल्या सामन्यात सॅक्रॅमेंटो स्टेटवर ४५-० असा विजय मिळाला. त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या सामन्यात मात्र बड्या पॅसिफिक गटातील ओरेगन स्टेट समोर होते. त्यांना ४२-१४ असे नमवताना इयन जॉन्सन या धावपटूने २४० यार्ड धावून पाच टचडाऊन नोंदवले. त्यानंतर वायोमिंगमध्ये १७-१० असा निसटता विजय, हवाईविरुद्ध ४१-३४ अशी चुरस, युटाच्या मैदानावर ३६-३ अशी सरशी. नोव्हेंबरमध्ये सॅन होजे स्टेटविरुद्ध सारे स्वप्न भंगण्याच्या बेतात होते. अखेरच्या क्षणी अँथनी माँटगोमेरीच्या ३७ यार्डांवरील किकने २३-२० अशी सुटका झाली. नेव्हाडाला ३८-७ असे हरवून संघाने १२-० असा नियमित मोसम पूर्ण केला. बीसीएसच्या क्रमवारीत तो आठवा आला आणि नव्या नियमाने त्याला फिएस्टा बोलचे निमंत्रण मिळाले.

आठवाच का, याचे उत्तर टीकाकारांकडे तयार होते. बॉयसी स्टेटचे बहुतेक प्रतिस्पर्धी दुबळे होते. आठवड्यामागून आठवडा तुल्यबळ संघांशी झुंजणाऱ्या बड्या संघाचा एक पराभव अशा बारा विजयांपेक्षा भारी मानला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. बाराच सामन्यांचा मोसम आणि ११९ संघ. बहुतेक संघ एकमेकांशी कधी भिडतच नाहीत. अशा वेळी कोण कोणाशी खेळला हे पाहावेच लागते. परंतु त्या युक्तिवादात एक मेख होती. सामने कित्येक वर्षे आधी करार करून ठरतात. बडे संघ लहान संघांना पैसे देऊन स्वतःच्या मैदानावर बोलावतात, ते बहुधा सोपा विजय मिळवण्यासाठी. जो लहान संघ खरोखर हरवू शकेल, त्याच्याशी खेळण्यात बड्यांचा काहीच लाभ नसतो, आणि त्याच्या घरी जाऊन खेळण्यात तर मुळीच नाही. म्हणजे ‘तुम्ही बलाढ्यांशी खेळत नाही’ असे ज्यांनी म्हणायचे, सामन्याची संधी नाकारणारेही तेच!

१ जानेवारी २००७ रोजी ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे ती संधी मिळाली. समोर होते ओक्लाहोमा. सात राष्ट्रीय विजेतेपदांचा वारसा, ‘बिग ट्वेल्व्ह’ या बड्या गटाचे अजिंक्यपद, आणि बॉब स्टूप्स यांच्यासारखा प्रशिक्षक, ज्यांनी २००० च्या मोसमात देशाचे विजेतेपद मिळवून दिले होते. शिवाय खांद्याचे हाड मोडल्याने ऑक्टोबरपासून बाहेर असलेला त्यांचा हुकमी धावपटू एड्रियन पीटरसन या सामन्यासाठी परतला होता. (बॉयसीच्या प्रशिक्षकांशी त्याचे केवळ नामसाधर्म्य.)

बॉयसी स्टेटने सुरुवातीलाच १४-० अशी आघाडी घेतली. मध्यंतराला गुणफलक २१-१० होता. तिसऱ्या सत्रात बचावपटू मार्टी टॅडमनने ओक्लाहोमाचा पास मध्येच झेलून थेट टचडाऊन केला, तेव्हा आघाडी २८-१० अशी भक्कम झाली. पण ओक्लाहोमा खचले नाही. एकेक गुण भरून काढत त्यांनी सामना संपण्यास १ मिनिट २६ सेकंद असताना २८-२८ अशी बरोबरी साधली. त्यानंतरच्या पहिल्याच चालीत झॅब्रान्स्कीचा पास मार्कस वॉकरच्या हाती पडला आणि तो ३३ यार्ड धावत टचडाऊन करून मोकळा झाला. ३५-२८. घड्याळात १ मिनिट २ सेकंद शिल्लक. जॉर्जियाविरुद्धच्या त्या सामन्याची आठवण अनेकांना झाली असल्यास नवल नाही.

पुढची काही सेकंदे या खेळाच्या इतिहासात जमा झाली आहेत. बॉयसी स्टेट मैदानाच्या मध्यरेषेवर अडकले होते. चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न. गाठायचे अंतर १८ यार्ड आणि उरलेली सेकंदेही १८. झॅब्रान्स्कीने ड्रिझन जेम्सकडे पास फेकला. जेम्स आवश्यक अंतराच्या अलीकडेच होता आणि ओक्लाहोमाचे बचावपटू त्याच्यावर धावून आले. इतक्यात आडव्या दिशेने पळत आलेल्या जेरार्ड रॅबच्या हाती जेम्सने अलगद चेंडू सोपवला. सगळा बचाव एका बाजूला झुकला असताना रॅब दुसऱ्या बाजूने सीमारेषेला समांतर धावत ३५ यार्ड पार करून गेला. सात सेकंद बाकी असताना ३५-३५.

जादा वेळेत दोन्ही संघांना आळीपाळीने २५ यार्डांवरून संधी मिळते. ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने पहिल्याच चालीत ते अंतर कापले: ४२-३५. बॉयसी स्टेटची गाडी पुन्हा चौथ्या प्रयत्नावर येऊन ठेपली. यावेळी चेंडू झॅब्रान्स्कीकडे गेलाच नाही. तो थेट विनी पेरेटा या पास झेलणाऱ्या खेळाडूकडे देण्यात आला आणि त्याने उजवीकडे धावत डेरेक शूमनला पास देऊन टचडाऊन मिळवून दिला. ४२-४१.

आता एका किकने बरोबरी साधता आली असती आणि जादा वेळेची दुसरी फेरी झाली असती. ख्रिस पीटरसन यांनी दोन गुणांसाठी जाण्याचा निर्णय घेतला. खेळाडूंचे वजन आणि राखीव फळीची ताकद या बाबतीत ओक्लाहोमा सरस होते. सामना लांबत गेला तर पारडे त्यांच्याकडेच झुकणार होते. म्हणूनच वरकरणी धाडसी वाटणारा हा निर्णय प्रत्यक्षात हिशेबी होता, असे म्हणता येईल. त्यासाठी निवडलेली चालही जुनीच होती. क्वार्टरबॅकचा उंचावलेला हात पाहून तिला ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ म्हणतात. झॅब्रान्स्कीने उजवा हात उगारून पास फेकल्याचा आविर्भाव केला. बचावपटूंच्या नजरा तिकडे वळल्या. त्याच क्षणी डाव्या हातातला चेंडू त्याने पाठीमागून इयन जॉन्सनच्या हवाली केला. जॉन्सन डावीकडून रेषेपार गेला, तेव्हा त्याला अडवणारे कोणीही जवळ नव्हते. ४३-४२. विजयानंतर जॉन्सनने कॅमेऱ्यांसमोरच आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली आणि तिने होकार दिला. चित्रपटात हा प्रसंग घातला असता, तर समीक्षकांनी तो अतिरंजित ठरवला असता.

पण विजेतेपदाचे काय? ते सात दिवसांनंतरच्या वेगळ्या सामन्यात ठरणार होते आणि त्यातले दोन संघ आधीच नक्की झाले होते. त्याच ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये ८ जानेवारीला फ्लोरिडाने तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटला ४१-१४ असे लोळवले. त्या क्षणापासून देशात अपराजित संघ एकच उरला. फ्लोरिडाचे प्रशिक्षक अर्बन मायर हेच २००४ मध्ये युटाला अपराजित राखूनही विजेतेपदाच्या सामन्यापासून दूर राहिले होते, हा योगायोगही लक्षणीय. प्रशिक्षकांच्या अंतिम मतदानात तर बीसीएस विजेत्याला पहिला क्रमांक देणे बंधनकारकच होते. असोसिएटेड प्रेसच्या ६५ मतदारांवर तसे बंधन नव्हते. त्यांपैकी ६४ जणांनी फ्लोरिडाला पसंती दिली. एकाने बॉयसी स्टेटला.

फ्लोरिडाचा संघ बॉयसी स्टेटपेक्षा बहुधा सरस होता, असे अनेक जाणकारांना वाटत होते आणि कदाचित ते खरेही असेल. आक्षेप त्याविषयी नव्हताच. ऑगस्टमध्ये मोसम सुरू होण्यापूर्वीच जवळपास निम्म्या संघांसाठी विजेतेपदाचे दार व्यवहारात बंद असते आणि ते सर्व सामने जिंकले तरी उघडत नाही, हा आक्षेप होता. फिएस्टा बोलने त्याला पुराव्याचे बळ दिले.

तो पुरावा पुढील वर्षांत साचत गेला. २००८ च्या मोसमात युटाने अपराजित राहून बलाढ्य अलाबामाला ३१-१७ असे हरवले, पण क्रमांक मिळाला दुसरा. २००९ मध्ये नियमित मोसमाअखेर पाच संघ अपराजित होते. त्यांतील बॉयसी स्टेट आणि टेक्सास ख्रिश्चन या लहान गटांतल्या दोघांना बीसीएसने परस्परांशीच झुंजवले. बॉयसी स्टेटने तो सामना १७-१० असा जिंकून १४-० अशी कामगिरी केली, क्रमांक चौथा. २०१० मध्ये याच संघाला नेव्हाडाविरुद्ध २६ यार्डांवरची सोपी किक हुकल्याने जादा वेळेत पराभव पत्करावा लागला आणि मोठ्या सामन्यांची दारे बंद झाली. एका चुकीची किंमत लहान संघाला किती पडते, याचे याहून बोलके उदाहरण नसावे. दरम्यान हा विषय राजकारणातही पोहोचला. बराक ओबामा यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये, अध्यक्षपदी निवडून आल्यावर, आठ संघांच्या बाद फेरीची सूचना जाहीरपणे केली. जुलै २००९ मध्ये युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याच्या अंगाने सिनेटच्या समितीत सुनावणी घडवून आणली.

२०१४ पासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली. तरी ते चार संघ समितीच निवडणार होती. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा अपराजित राहूनही बाहेर राहिले. लहान गटातून आत जाणारा पहिला संघ सिनसिनाटी, तोही २०२१ मध्ये. २०२३ मध्ये तर बड्या गटाचा अपराजित विजेता असलेल्या फ्लोरिडा स्टेटलाही वगळण्यात आले. लहानांनी वर्षानुवर्षे सोसलेला अनुभव तेव्हा बड्यांनाही आला.

२०२४ मध्ये बाद फेरीत बारा संघ घेण्यात आले आणि क्रमवारीतील सर्वोत्तम पाच गटविजेत्यांना, गट लहान असो वा मोठा, हक्काची जागा मिळाली. त्या पहिल्याच वर्षी बॉयसी स्टेट आत होते. त्यांच्या ॲश्टन जेंटीने त्या मोसमात २,६०१ यार्डांची मजल मारली होती. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाल्याने लहान संघांतले गुणी खेळाडू भराभर मोठ्या विद्यापीठांकडे वळत असताना जेंटी मात्र बॉयसीतच राहिला होता. समितीच्या क्रमवारीत हा संघ नववा होता. परंतु पहिली चार मानांकने गटविजेत्यांसाठी राखीव असल्याने त्याला तिसरे मानांकन मिळाले आणि पहिली फेरी न खेळता पुढची चाल मिळाली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याच ग्लेनडेलमध्ये, त्याच फिएस्टा बोलमध्ये, पेन स्टेटने त्याचा ३१-१४ असा पराभव केला. अठरा वर्षांपूर्वीचा चमत्कार पुन्हा घडला नाही. मात्र या वेळी निकाल मैदानावर लागला होता.

पुढच्याच मोसमापासून, म्हणजे २०२५ पासून, मानांकनाचा तो नियम बदलण्यात आला. पाच गटविजेत्यांची जागा कायम राहिली, परंतु पहिली चार मानांकने आता गटाचा विचार न करता क्रमवारीतील पहिल्या चार संघांनाच मिळतात. ती क्रमवारी ठरते समितीच्या खोलीत, मतदानानेच.